कोष्टी जिंकले तर

पिस्कॅटवे, १८ एप्रिल

अहो,

नमस्कार. कागदाच्या डोक्यावर श्री घातला आहे. म्हणजे आता हे पत्र तुम्हाला न वाचता चुलीत घालता येणार नाही, देवाचं नाव जळेल. मी मुद्दामच घातला आहे.

आपला श्रीरंग दर रविवारी सकाळी फोन लावतो तेव्हा पडद्यावर दिगंबर भाऊजींचं अर्धं कपाळ येतं आणि ते म्हणतात, "शशिकांत बागेत गेलो हा." इथली सकाळ म्हणजे तुमच्याकडे दिवेलागण झालेली असते. काळोखात बागेत जाऊन तुम्ही सुपारीच्या झाडांशी काय बोलता कोण जाणे. आपला फोन शेजाऱ्याच्या हातात देऊन बागेत जायचं, यालाही दीड वर्ष झालं. भाऊजींना तरी कंटाळा येत असेल. म्हणून मी पत्राची वाट धरली. पोस्टमन काय, बागेतसुद्धा येतो.

माझी शाळा चौथीपर्यंत, ते तुम्हाला माहीतच आहे. जोडाक्षर मोडकं दिसलं तर सरळ करून वाचा.

मी मजेत आहे. घर मोठं आहे. जमिनीला गालिचा आहे, पाय घासत चाललं की दाराची कडी धरताना शॉक बसतो. सकाळी आठला श्रीरंग आणि आसावरी आपापली गाडी काढून कामाला जातात, रुही कॉलेजला जाते, आणि गॅरेजचं दार आपोआप खाली येतं. त्याचा आवाज मला आता पाठ झाला आहे. मग घरात बोलणारं एकच, भांडी धुवायचं मशीन. काम झालं की ते पिं पिं करतं आणि मी म्हणते, झालं का बाई तुझं. फोडणी करायची तर आधी खिडकी उघडायची, नाहीतर छताला लावलेला भोंगा वाजतो. परवा मी विसरले आणि तो वाजला. मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी ओरडलं.

आता खरी बातमी. आपल्या रुहीला कॉलेजात एक काम मिळालं आहे. जुन्या काळी इथे बेसबॉल कसा खेळत, त्यावर तिला मोठं लिहून द्यायचं आहे. बेसबॉल म्हणजे एक जण चेंडू फेकतो, दुसरा लाकडी सोट्याने मारतो आणि चार कोपऱ्यांना पाय लावत पळत चक्कर घालतो. निघाला तिथे परत पोचला तर धाव, मध्येच अडकला तर सगळं पळणं फुकट. त्या निघायच्या जागेला हे लोक घर म्हणतात. रुही माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, गेट इट? होम." मी म्हटलं, कळलं कळलं, चहा पी.

तिने साल निवडलं आहे एकोणीसशे आठ आणि गाव वेलबर्न. तिथे रेशमाच्या गिरण्या होत्या, म्हणून संघाचं नाव विणकर. मी त्यांना आपले कोष्टी म्हणते. पगारी खेळाडू, पण फार मोठे नव्हेत. आठ गावांची लीग, म्हणजे तालुक्याच्या वर आणि जिल्ह्याच्या खाली असं समजा. तेव्हाचे पेपर आता कॉम्प्युटरवर दिसतात. रुही घरी आली की चहा घेताना मला त्याच तारखेचा पेपर मराठीत सांगते. आज अठरा एप्रिल, तर आज एकोणीसशे आठच्या अठरा एप्रिलचा सांगितला. मोसमाची पहिलीच मॅच, आणि कोष्टी हरले. मला वाईट वाटलं.

रुही म्हणाली, "आजी, दे आर ऑल डेड. शंभर वर्षांपेक्षा जास्त झाली."

मी म्हटलं, "मला आजच भेटले ना. माझ्या दृष्टीने आजच जन्मले."

औषधं वेळेवर घ्या. निळी गोळी जेवणानंतर.

रुहीची आजी


१० मे, अक्षय तृतीया

अहो,

तुमचं पत्र आलं नाही. येणार नाही हे धरूनच मी लिहिते आहे, तेव्हा त्याचं काही नाही.

इथे पोस्टाची गाडी दुपारी येते. चालवणारी बाई काळी, उंच, माझ्यासारखीच गुडघ्याने दुखरी. पेटीत आमच्याकडे जाहिराती तेवढ्या टाकते आणि माझ्याकडे बघून हात हलवते. मी तेव्हा नेमकी झाडाला पाणी घालत असते. झाडाला एवढं पाणी लागत नाही खरं तर.

कोष्टी तिसऱ्या नंबरावर आहेत. मी रुहीला बजावलं आहे, शेवट सांगायचा नाही. तिला सगळं माहीत आहे, ती पुढचं वाचून बसली आहे. मी म्हटलं, मला रोजचा रोज सांग, जसा त्या गावातल्या बाईला कळला असेल तसा.

त्यांची खेळायची तऱ्हा ऐका. सगळ्या मॅचला चेंडू एकच. त्यावर तंबाखू थुंकून थुंकून तो काळा करायचे, म्हणजे मारणाऱ्याला दिसू नये. तुम्ही पान खाऊन ओट्यावर थुंकता तेव्हा मी आता काही बोलणार नाही, त्याचे पैसे मिळत असत इथे. चेंडू अडवायचा चामड्याचा पंजा हातातून काढून, मारायची पाळी आली की, मैदानात गवतावरच टाकून यायचा, दुसऱ्या संघाचे लोक त्याला अडखळून पडत. आणि रविवारी खेळायला गावात बंदी. रविवारी चर्च. त्यामुळे रविवार माझा फार वाईट जातो. इकडे तुम्ही बागेत आणि तिकडे कोष्टी चर्चमध्ये.

रुहीचं मराठी तुम्ही ऐकायला हवं होतं. वाक्य इंग्रजीत वाचते, थांबते, छताकडे बघते. "तेव्हा पिचरने... वेट... चेंडूवर थुंकला. थुंकली? आजी, हे ग्रोस आहे." एका मॅचला चहा दोनदा गरम करावा लागतो. मला ते आवडतं. तेवढी ती जवळ बसते.

मी तिला जाहिरातीही वाचायला लावते. खेळाच्या बातमीच्या बाजूलाच असतात. पोट साफ होण्याची गोळी. बायकांच्या कमरेचे पट्टे. एका विधवेला आयतं जेवणारा नवरा नको, फक्त गाडी हाकणारा माणूस हवा आहे.

माझा एक खेळाडू ठरला आहे. ड्यूगन. वय सदतीस, त्या खेळात म्हातारा. डावीकडे लांब उभा राहतो. चेंडू डोक्यावरून चालला की पाठ फिरवून पळतो आणि न बघता हात पुढे करतो, चेंडू हातात. बोलत नाही. पेपरवाला लिहितो की ड्यूगनशी बोलायला गेलो, त्याने मान हलवली. बस, एवढंच छापलं आहे. मी रुहीला म्हटलं, या माणसाला मी ओळखते.

इथल्या बागेच्या बाकावर नागपूरच्या शोभनाताई भेटायच्या, मी मागे भाऊजींना सांगितलं होतं. त्यांचा मुलगा प्लेनोला बदलून गेला, तिकडे टेक्ससला. त्याही गेल्या. आता बाक सगळं माझंच आहे. मी मधोमध बसते.

रुहीची आजी


९ जून

अहो,

श्रीरंगने माझं हिरवं कार्ड आणलं. म्हणजे इथे कायम राहायचा परवाना. पेढे आणले, माझा कार्ड धरलेला फोटो काढला. मी हसले आहे फोटोत, चांगली आले आहे.

रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "आई, आता जायचं नाही हं. बाबा बोलतसुद्धा नाहीत तुझ्याशी. तिथे तू कोणासाठी जाणार, मला सांग."

मी त्याला भात वाढला.

पोर वाईट नाही. माझ्या बाथरूममध्ये त्याने स्वतः खाली बसून धरायचा दांडा लावला, भिंतीला दोन भोकं जास्त पडली. आसावरी पुण्याची असून माझ्या हातची सोलकढी पिते. त्यांना मी जड नाही. पण मीच घरात पाय न वाजवता चालते, आणि जिथे असं चालावं लागतं... असो. मजेत आहे मी.

एक लिहू का. त्या दिवशी जीप दारात उभी होती. दोघांचे पासपोर्ट माझ्या पिशवीत होते. तुम्ही बनियनवर ओटीवर बसून होतात. म्हणालात, "तू जा. माका येवचा नाय." मग उठून आत गेलात. मला वाटलं, शर्ट घालायला गेलात. मी जीपमध्ये बसून होते, ड्रायव्हरने गाडी सुरू ठेवली होती. मी त्याला म्हटलं, थांब, ते शर्ट घालतायत. तो बराच थांबला बिचारा.

मी उतरायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल. माझं तसं नाही. मला माझ्या नातीला बघायचं होतं. त्यात चूक काय ते मी दीड वर्ष शोधते आहे, सापडली नाही. मला वाटलं होतं, चार दिवस रुसाल आणि मागच्या विमानाने याल. तिकीट होतंच.

आता राहायचं की जायचं. मला ठरवता येत नाही. राहिले तर तुम्ही तिथे एकटे. गेले तर श्रीरंगचं तोंड उतरेल, आणि तिथे येऊनही तुम्ही बागेतच असलात तर मी दोन्हीकडची गेले. गावी असते तर रवळनाथाच्या देवळात कौल लावला असता. गुरवाने देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवल्या असत्या, उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा, मिटला प्रश्न. ना कोणाला राग, ना कोणाला दोष. इथल्या देवळात विचारलं. भटजी तरुण आहेत, गोड बोलतात. म्हणाले, "आजी, कौलाची सेवा इथे नाही. सत्यनारायण आहे, वेबसाईटवर बुक करा."

म्हणून मी कौल कोष्ट्यांना लावला.

कोष्टी पहिले आले तर मी परत येणार. नाही आले तर इथेच राहणार. दिव्यासमोर हात जोडून बोलून टाकलं. आता बदलता येणार नाही. कोणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगते आहे, कारण तुम्ही कुणाशी बोलत नाही.

आज कोष्टी दुसऱ्या नंबरावर आहेत.

रुहीची आजी


१४ जुलै

अहो,

आधी तुमची बातमी सांगते, म्हणजे ड्यूगनची.

संघाचा मॅनेजर आहे क्रेग म्हणून, तरुण, मिशा पिळणारा. त्याने ड्यूगनला सगळ्यांसमोर म्हटलं, आज तू बसून राहा, तुझे पाय आता चालत नाहीत. ड्यूगनने पंजा बाकावर ठेवला, मैदानाच्या फाटकातून बाहेर पडला आणि खेळायच्या कपड्यांतच ट्राममध्ये बसून बहिणीकडे निघून गेला. बहिणीची सफरचंदांची बाग आहे. क्रेगने दोन तारा केल्या, उत्तर नाही. पेपरवाला बागेपर्यंत जाऊन आला. बहीण म्हणाली, तो बागेत गेलाय.

मी इतकी हसले की चहा नाकात गेला. रुहीला काही कळेना. तिला मी रविवारचा फोन आठव म्हटलं. मग तीही हसली. मग तिने सांडलेला चहा पुसला.

तो गेल्यापासून कोष्टी हरतायत. चौथ्या नंबरावर आले. मला जेवण जाईना. आसावरीला वाटलं पित्त झालं, तिने गोळी दिली.

संध्याकाळी दिवा लावताना मी देवाला म्हणत होते, कोष्ट्यांना सांभाळ रे बाबा, मला घरी जायचंय. रुही मागे उभी होती, पायमोजे घालून चालते, आवाज येत नाही. म्हणाली, "आजी, व्हॉट डू यू मीन, घरी?" मग सांगावं लागलं, कौल म्हणजे काय आणि मी तो कशाला लावला आहे.

ती म्हणाली, "पण आजी, ते सगळं ऑलरेडी झालंय. यू कान्ट डू दॅट."

मी म्हटलं, "कौल आधीच ठरलेला असतो बाळा. आपल्याला कळतो तेवढा नंतर."

तिचा चेहरा पडला. तशीच वर गेली. मला काय समजायचं ते समजलं. कोष्टी हरणार आहेत. मी श्रीरंगला विचारलं, हिवाळ्यासाठी मला जाड कोट घ्यायचा का. तो खूश झाला, शनिवारी जाऊ म्हणाला.

जाहिरातीत आज एक गाय हरवली आहे. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, डावं शिंग मोडकं. हाक मारली की येते, नाव डेझी. मालकीण मिसेस ऑर्थ, गिरणीमागे राहते. आपली चांदी गाय हरवली होती तेव्हा तुम्ही तिला शोधत पार खाडीपर्यंत गेला होतात आणि पायांत काटे घेऊन आलात. मला उगाच आठवलं.

रुहीची आजी


१२ ऑगस्ट

अहो,

काल रविवार. फोनवर नेहमीचं कपाळ. श्रीरंग चहा ओतत होता. भाऊजी म्हणाले, "वैनी, तुमची पत्रां येतत हां. कपाटावर ठेवता तो. फोडलेली असतत." मग ते मागे वळले, कोणाशी तरी कुजबुजले, आणि परत तोंड पुढे करून म्हणाले, "वैनी, ती गाय गावली काय?"

मी म्हटलं, कुठली गाय.

ते म्हणाले, "माका काय म्हायत. विचार म्हणता, गाय गावली काय ता."

श्रीरंगला वाटलं गावातल्या कुणाची तरी गाय. तो म्हणाला, काका, कोणाची गाय. मी उठून आत गेले. नळ सोडला. नळाचा आवाज मोठा येतो इथे, बरं असतं.

दीड वर्षात तुम्ही मला विचारलेली ही पहिली गोष्ट आहे. माझी तब्येत नाही, कार्ड नाही, डेझी. चालेल मला.

लगेच रुहीच्या खोलीत गेले. तिला सांगितलं, आजोबा विचारतायत, गाय सापडली का. ती कॉम्प्युटर घेऊन बसली होती, तिने माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं साडीला काही लागलंय. मग म्हणाली, अजून पेपरात काही आलं नाही. आलं की सांगते.

आजपर्यंत कोष्टी तिसऱ्या नंबरावर. ड्यूगन बागेतच.

आज मी बाकावर कडेला बसले होते. का ते माहीत नाही.

रुहीची आजी


२६ ऑगस्ट

अहो,

सापडली. डेझी सापडली.

मध्ये चार दिवस रुहीने पेपर वाचला नाही. पानं नीट उमटली नाहीत म्हणाली. दार लावून बसायची, डोळे लाल. आसावरी म्हणाली, कॉलेजचं काम आहे, आई, तुम्ही वर जाऊ नका. पाचव्या दिवशी ती खाली आली, स्वतः चहा केला, वेलची घालून, आणि वाचायला बसली. पहिलीच बातमी गाईची. गिरणीच्या मागे ओढ्यापलीकडे एका म्हाताऱ्याच्या कुंपणात मिळाली. त्याने तिला चारापाणी केलं होतं. मिसेस ऑर्थने हाक मारली आणि ती आली.

आणि ऐका. ड्यूगन आला. कोणी बोलावलं नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी फाटकातून चालत आला, पंजा बाकावर होता तिथेच होता, तो घातला आणि डावीकडे जाऊन उभा राहिला. क्रेग काही बोलला नाही. ड्यूगनही काही बोलला नाही. लोक उभे राहिले, टोप्या काढल्या.

मी रुहीला पुन्हा वाचायला लावलं. तिने पुन्हा वाचलं, अगदी तस्सं.

तेव्हापासून कोष्टी जिंकतायत. कालचीही मॅच जिंकले. दुसऱ्या नंबरावर आहेत. रुही आता भरभर सांगते, चहा एकदाच करावा लागतो.

श्रीरंगने जाड कोट आणला. निळा आहे. मी तो घालून आरशात बघितलं, कुणी पोलीस उभा आहे असं वाटलं.

रुहीची आजी


१५ सप्टेंबर

अहो,

कोष्टी पहिले आले.

शेवटची मॅच ड्यूगनने जिंकून दिली. चेंडू कुंपणापलीकडे लोकांत गेला, तो दुखऱ्या पायांनी सगळे कोपरे फिरून आला. गावात बँड वाजला, गिरणीने सुट्टी दिली. रुही वाचून झाल्यावर म्हणाली, "सो, आजी. कौल मिळाला तुला." आणि माझ्या मांडीत डोकं खुपसून रडायला लागली. मोठी झाली आहे आता, मांडीत मावत नाही.

मी तिच्या केसांना तेल लावलं.

श्रीरंगला अजून काही बोललेले नाही. गणपतीचे मोदक उरले होते ते संपवले. आज एवढंच लिहिते.

रुहीची आजी


२८ सप्टेंबर

अहो,

हे पत्र लांबेल. चष्मा पुसून घ्या.

मला पहिल्यांदा शंका आली ती चहाची. एका कपात मॅच कशी संपते. खरा पेपर वाचताना ती पोर शब्दाशब्दाला अडायची. ऑगस्टपासून एकदाही अडली नाही. आधी ठरवून ठेवलेलं माणूस असं बोलतं. मग जाहिराती संपल्या. गोळ्या नाहीत, पट्टे नाहीत, त्या विधवेला गाडीवाला मिळाला की नाही काही नाही. आणि पंचवीस ऑगस्टला जिंकलेली मॅच. इथे तो रविवार होता, आणि तिने रविवारची मॅच म्हणूनच सांगितली होती. मी तेव्हा गप्प बसले.

काल डेकवर, म्हणजे मागच्या लाकडी ओट्यावर, आम्ही दोघी मेथी निवडत होतो. म्हणजे मी निवडत होते, ती देठं मोजत होती. मी म्हटलं, "रुही, त्या गावात रविवारी खेळायला बंदी होती ना ग."

तिने देठं मोजायचं थांबवलं.

मी म्हटलं, "रागावत नाही. खरं काय झालं ते सांग. हरले का?"

"नाही आजी," ती म्हणाली. "हरले नाहीत. ते... वेट... ते थांबलं. तेरा ऑगस्टला. दोन गावांनी खेळणं सोडलं आणि लीगच बंद पडली. इट जस्ट स्टॉप्ड. फर्स्ट कोणीच नाही. मला सुरुवातीपासून माहीत होतं, पण तू म्हणालीस सांगायचं नाही, मग तू ते कौलचं सांगितलंस, आणि मग मला कसं... मला शब्द येत नाहीये."

ती परत अडखळायला लागली, म्हणून मला ते खरं वाटलं.

म्हणजे कौल लागलाच नव्हता. एकही पाकळी पडली नव्हती. देवाने हात झटकले.

मी म्हटलं, "मग जिंकवलंस कशाला? जायला हवी का तुला मी?"

"नो," ती म्हणाली. "उलटं. मी त्यांना हरवणार होते. लिहून पण ठेवलं होतं सगळं, पाच आठवड्यांचं. शेवटच्या मॅचला ड्यूगनच्या हातातून चेंडू सुटतो, असं. म्हणजे तू राहशील. मला कोण आहे आजी या घरात, सगळे नुसते कॉल्सवर असतात. पण मग तू आलीस आणि म्हणालीस, आजोबा विचारतायत गाय सापडली का." मेथीच्या जुडीत नाक पुसलं तिने. "मग मला नाही जमलं. सगळं फाडलं आणि परत लिहिलं."

त्यासाठी ते चार दिवस.

तेव्हा उजवी पाकळी कोणी पाडली ते तुम्हीच बघा. मी कोणावर आळ घेत नाही.

मी रुहीला सांगितलं, तू लिहिलेलं मला खऱ्यापेक्षा आवडलं, पण जाहिराती विसरू नको, माणसं पोटाने जगतात. ती हसली. तिने मला एक वचन मागितलं, ते मी दिलं, ते तिचं माझं आहे.

संध्याकाळी श्रीरंगला सांगितलं, मी घरी जाते. तो म्हणाला, "आई, अचानक? कोण काय बोललं का तुला?"

"कोणी नाही. कौल मिळाला."

"कुठल्या देवाचा?"

"वेलबर्नच्या."

त्याने रुहीकडे बघितलं, रुहीने मेथीकडे. आसावरी म्हणाली, "श्रीरंग, जाऊ दे त्यांना. आई इथे कडेकडेने चालतात, तू बघितलं नाहीस कधी." मला माहीत नव्हतं, तिने बघितलं होतं ते. श्रीरंग उठून बाहेर गेला, गॅरेजचं दार वर गेलं, खाली आलं. मग आला आणि कॉम्प्युटर उघडून तिकीट बघायला बसला. परतीचंही काढलं आहे, कार्ड राहावं म्हणून. त्याचं काय करायचं ते आपण बघू.

जाड कोट रुहीने ठेवून घेतला. तिला तो पोटऱ्यांपर्यंत येतो.

आता तुम्हाला दोन गोष्टी खऱ्या सांगायच्या राहिल्या. डेझीचं मी लिहिलं ते पेपरात नाही. रुही म्हणते, गाय सापडल्याचं कुठेच छापलेलं नाही. सापडली असेल तर त्या बाईने कशाला जाहिरात दिली असती, ती दूध काढायला बसली असेल. आणि ड्यूगन. रुहीने पुढच्या वर्षांचे पेपर बघितले, दुसऱ्या गावांचे बघितले. शेवटची बातमी तेवढीच, बागेत आहे, तारेला उत्तर देत नाही. पुढे त्याचं नाव कुठे नाही. लीग बंद पडली नसती तर तो आला असता की नाही, हे आता कोणाला कळणार नाही. मी खूप विचार केला. मला वाटतं, तो फाटकापर्यंत आला असता आणि आत यायला लाजला असता.

मी दसऱ्यानंतर निघते. मुंबईहून रेल्वेने कुडाळला, दुपारी उतरेन. तारीख श्रीरंग फोनवर सांगेल, त्या रविवारी बागेत जरा उशिरा जा. भाऊजी रिक्षा घेऊन स्टेशनवर येतो म्हणत होते. मी त्यांना नको म्हणून सांगितलं आहे.

बॅगा दोन आहेत. मला एकच उचलवते.

पद्मिनी